हलके की भक्कम? उज्जयिनीतील दोन दिवस

उज्जयिनीस जाणे ही माळव्यातील मराठी माणसास काही नवलाची गोष्ट नव्हे. सकाळी इंदूरहून निघावे, पंचावन्न किलोमीटरांचा रस्ता काटावा, महाकालाचे दर्शन घ्यावे, क्षिप्रेचे पाणी डोळ्यांस लावावे आणि दिवेलागणीस घरी परतावे, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. तेव्हा या गावाविषयी काही लिहावे असे मला आजवर कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या माघात तेथे सलग दोन दिवस काढण्याचा योग आला आणि एका अगदी व्यवहारातल्या प्रश्नाचा उलगडा त्या पुरातन नगरीत झाला. तो सांगण्याजोगा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न माझा नव्हता, भाच्याचा होता. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत तो नुकताच लागला आहे. महिन्यातले वीस दिवस फिरती. आज रतलाम, उद्या भुसावळ, परवा नागपूर. लॅपटॉपसाठी कंपनीने एक रक्कम ठरवून दिली होती आणि निवड त्याच्यावर सोपविली होती. निघण्याच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. "मामा, तुम्ही तीस वर्षं फिरतीत काढलीत. मला सांगा, हलका घेऊ की भक्कम घेऊ? दोन्ही एकत्र मागितलं की दुकानदार असा आकडा सांगतो, की आईला चक्करच येईल."

"उज्जैनहून आल्यावर सांगतो," एवढेच मी म्हणालो. खरे तर उत्तर मजजवळ तयार असायला हवे होते. विजेच्या कामांची मोजमापे घेणे आणि त्यांची बिले तयार करणे हा माझा व्यवसाय. त्यापायी खांद्यावर संगणकाची पिशवी अडकवून मी हिंडत आलो. पण त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मी ज्या गावी गमावला, ते गाव उज्जयिनीच होते.

2016 चा सिंहस्थ पुष्कळांच्या स्मरणात असेल. मंडपांतील तात्पुरत्या वीजजोडण्यांची मोजमापे घेण्याचे काम एका कंत्राटदारामार्फत मजकडे आले होते आणि महिनाभर माझा मुक्काम मेळ्यातच होता. मे महिन्यातले माळव्यातील ऊन, लाखो पावलांनी उडविलेली काळ्या मातीची बारीक धूळ आणि पत्र्याच्या टेबलावर दिवसभर तापणारा माझा लॅपटॉप. तो चांगला वजनदार होता, अडीच किलोंच्या वर. वजनदार म्हणजे टिकाऊ, अशी माझी समजूत. 5 मे रोजी दुपारनंतर आभाळ काळवंडले आणि वादळ असे आले, की मंगलनाथाच्या बाजूचे मंडप एकामागून एक आडवे झाले. माणसे दगावली. त्या दुःखापुढे एका यंत्राची हकिकत सांगू नये हे खरे; पण या लेखास ती अवश्य आहे. आमच्या मंडपाचा बांबू टेबलावर कोसळला, चालू असलेले यंत्र चिखलात पडले आणि पाऊण तास पावसात राहिले. पुढे दुरुस्ती करणाऱ्याने ते उघडून दाखविले. आतल्या फिरत्या चकतीवर, ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई घसरावी तसे ओरखडे उठले होते.

मोजमापांचे नुकसान भरून निघाले. ती पुन्हा घेता आली. पण त्या हिवाळ्यात मी आईजवळ बसून तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. घराण्याची हकिकत, कोणाची सोयरीक कोठे झाली, कोणत्या साली वाडा विकला, आजेसासूबाई जात्यावर कोणत्या ओव्या म्हणत, असे सारे. अकरा तासांचे ते बोलणे फोनमध्ये मावेना, म्हणून मी ते लॅपटॉपमध्ये घेतले आणि फोनमधून पुसून टाकले. दुसरी प्रत केली नाही. "पुन्हा बसू," असे मी तिला म्हणत राहिलो. त्याच भाद्रपदात तिला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली, ती परत आली नाही. 2019 साली ती निवर्तली.

आता उज्जयिनीस निघालो होतो तो काही व्यावसायिक कामासाठी आणि त्याबरोबरच सिद्धवटास जाऊन आमच्या तीर्थपुरोहितांच्या वहीत आईची नोंद करण्यासाठी. ती इतकी वर्षे राहून गेली होती. पुरोहितांनी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली. माझे काम दुपारी बारालाच आटोपले, आणि हाती मोकळी दुपार उरली. पाय आपसूक वेधशाळेकडे वळले.

या वेधशाळेस गावात अजून काही म्हातारे 'यंत्रमहाल' म्हणतात. क्षिप्रेच्या काठावर जयसिंगपुरा भागात ती आहे. शाळेच्या सहलीत प्रत्येकाने पाहिलेली, आणि म्हणूनच मोठेपणी कोणी न पाहिलेली. जयपूरचा सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार असताना त्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही बांधविली. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जयिनी अशा त्याच्या पाच वेधशाळा. पैकी मथुरेची आता उरलेली नाही. उज्जयिनीची निवड स्वाभाविकच होती, कारण आपल्या ज्योतिषग्रंथांनी लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी मध्यरेषा याच नगरीवरून नेली आहे आणि देशांतराचा हिशेब येथूनच मांडला आहे.

मी पोहोचलो तेव्हा सम्राट यंत्रावर ऊन होते. सुमारे बावीस फूट उंचीची ही भिंत म्हणजे एक उतरता जिनाच आहे. तिच्या माथ्याची तिरकस कड पृथ्वीच्या अक्षाशी समांतर आहे, म्हणजे जमिनीशी ती उज्जयिनीच्या अक्षांशाएवढा, तेवीस अंशांहून किंचित अधिक कोन करते. दोन्ही बाजूंस दगडी कमानी, त्यांवर तास, मिनिटे आणि मिनिटाचाही तिसरा हिस्सा कोरलेला. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर चढते, दुपारनंतर पूर्वेच्या. माझ्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. सावली दोन वाजून चार मिनिटे दाखवीत होती. शेजारचा एक तरुण मित्रास म्हणाला, "बंद पड़ी है." मला हसू आले. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे, आणि उज्जयिनी त्याच्या जवळजवळ पावणेसात अंश पश्चिमेस. तेथे सत्तावीस मिनिटे गेली. उरलेली चौदा मिनिटे माघातल्या सूर्याच्या चालीची. भिंतीजवळच्या फलकावर हे संस्कार दिलेले आहेत. ते मिळविले की तीनशे वर्षांपूर्वीचे बांधकाम आजही मनगटावरच्या घड्याळाशी जुळते. जवळच्या नाडीवलय यंत्राची एक तबकडी उत्तरेस आणि एक दक्षिणेस तोंड करून आहे. सहा महिने एक चालते, सहा महिने दुसरी. शंकुयंत्र मात्र जयसिंगाचे नव्हे. ते गोविंद सदाशिव आपटे यांनी 1937 साली बांधविले. हेच आपटे या वेधशाळेचे पहिले अधीक्षक. पंडित नारायणजी व्यास आणि आपटे यांच्या खटपटीने ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनी 1923 साली तिचा जीर्णोद्धार केला, आणि 1942 पासून येथून दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांगही निघू लागले. ज्या मराठ्यांशी जयसिंगास माळव्यासाठी झुंजावे लागले, त्यांच्याच वारसांनी त्याचे पडके काम उभे केले, ही गोष्ट मला नेहमीच गोड वाटत आली आहे.

पण त्या दुपारी मला निराळेच काही सुचत होते. जयसिंगाने आपल्या 'झिज-इ-मुहम्मदशाही' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दगडी यंत्रे का बांधली, याची कारणे दिली आहेत. आरंभी त्याने मुसलमानी ग्रंथांत वर्णिलेली पितळी यंत्रेच करून घेतली होती. ती त्याच्या मनास उतरली नाहीत. आकार लहान, त्यामुळे मिनिटांच्या खुणा पाडता येत नाहीत, अक्ष हलतात आणि झिजतात, वर्तुळांचे मध्य सरकतात, पातळ्या कलतात. मग त्याने जे फिरते ते सारे काढून टाकले, आणि चुना, दगड व सावली एवढ्यावरच यंत्र उभे केले. सावलीस अक्ष नाही, म्हणून ती झिजत नाही.

हे आठवले आणि मला माझी चिखलात पडलेली चकती दिसली. मिनिटाला हजारो फेरे घेणारी ती चकती आणि तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतर राखून तरंगणारी वाचक सुई. वजन अडीच किलो असून काय उपयोग? ज्याचा नाश झाला, तो भाग नेमका फिरता होता. जयसिंगाने पितळेवर ठेवलेला दोष अगदी हाच.

तथापि जयसिंगाचा उपाय भाच्याच्या कामाचा नव्हता. सम्राट यंत्र पाठीवर घेऊन भुसावळला जाता येत नाही. त्याने ज्या पितळी यंत्रांस नावे ठेवली, ती प्रवाशांच्या हाती शतकानुशतके होती, आणि प्रवाशास मिनिटाचा तिसरा हिस्सा नको असतो. मुक्कामास पोहोचेपर्यंत दिवस पुरेल की नाही, एवढेच त्यास हवे असते. या बाबतीत आपल्या कोकणातल्या एका गणकाची आठवण होते. नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 1520 साली 'ग्रहलाघव' रचले. नावातच लाघव आहे. ज्या-कोज्यांचे अवघड गणित टाळून ग्रह काढण्याची सोपी रीत त्यांनी दिली, आणि मुखोद्गत करता येईल एवढ्या त्या पोथीवर महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके चालली. याच गणेश दैवज्ञांनी 'प्रतोदयंत्र' नावाचे छोटेसे प्रकरणही लिहिले आहे. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या मुठीसारख्या दांड्यावर खुणा कोरायच्या, वरच्या अंगास आडवी काडी बसवायची आणि तिची सावली दांड्यावर कोठे पडते ते पाहून दिवसाची वेळ काढायची. घोड्यावरून उतरावयास नको, वेगळे ओझे नको, आणि हातून निसटून पडले तरी उचलून पुन्हा हाती धरावे. चालत्या माणसासाठी हलके आणि भक्कम यंत्र कसे असावे, याचा याहून नेटका नमुना माझ्या तरी पाहण्यात नाही.

आपल्याकडे कचेरीही अशीच चालती असे. उज्जयिनी ही राणोजी शिंद्यांची राजधानी. पण शिंद्यांचे खरे ठाणे कोठे, तर जेथे लष्कर उतरले असेल तेथे. दौलतरावांची छावणी 1810 मध्ये ग्वाल्हेरीस स्थिरावली आणि त्या भागाचे नावच लष्कर पडले. अशा छावणीबरोबर दफ्तर चाले. कागद रुमालात बांधलेले, उंटाच्या पाठीवर लादलेले, कलमदान कारकुनाजवळ, आणि मेज म्हणजे त्याचा उभा केलेला गुडघा. त्यावर कागद ठेवून बोरूने झरझर मोडी. इंग्रजीत लॅपटॉप हा शब्द जन्मास येण्यापूर्वी आमचे पूर्वज मांडीवर लिहीत होते, असे मी भाच्यास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, विषय बदलू नका." असो.

फिरत्या माणसाच्या खांद्यावर संगणक आला, ती हकिकतही याच दोन टोकांमध्ये हेलकावे खाणारी आहे. 1981 साली ऑस्बॉर्न नावाचे यंत्र निघाले. ते 'नेता येण्याजोगे' म्हणून विकले गेले, कारण त्याला मूठ होती. वजन सुमारे अकरा किलो आणि पडदा पोस्टकार्डाहून लहान. पुढच्याच वर्षी, 1982 मध्ये, ग्रिड कंपास आला. विमानातून हिंडणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांसाठी जॉन एलनबी यांच्या कंपनीने तो काढला आणि बिल मॉग्रिज यांनी त्याची घडण केली. शिंपला मिटावा तसा पडदा मिटून कळांवर बसावा, ही आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली रचना त्याच यंत्राने रूढ केली. त्याची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती, वजन पाच किलोंच्या आसपास, किंमत आठ हजार डॉलरांच्या वर. आणि विशेष म्हणजे त्यात फिरती चकतीच नव्हती. माहिती साठविण्यास चुंबकीय बुडबुड्यांची एक युक्ती वापरली होती, जिच्यात हलणारा भाग एकही नाही. अमेरिकेच्या अवकाशयानातूनही ते यंत्र वर गेले. एलनबींना जयसिंग ठाऊक असण्याचे कारण नाही. पण दोघांनी दोष एकाच ठिकाणी पाहिला होता.

ती युक्ती महाग पडली आणि मागे राहिली. पुढची पंचवीस वर्षे चकतीचीच होती. 1996 साली जपानच्या पॅनासॉनिकने टफबुक काढला तो पोलिसांसाठी, सैन्यासाठी, तारा ओढणाऱ्या कामगारांसाठी. त्यात चकतीला गादीसारखे वेष्टण घालून ती बसवीत. त्याच कंपनीने त्याच वर्षी आपल्या देशातील नोकरदारांसाठी 'लेट्स नोट' नावाची हलकी मालिकाही सुरू केली. तोकियोच्या गाड्यांतली गर्दी लक्षात घेऊन शंभर किलोंचा दाब सोसेल अशा घडणीची परीक्षा पुढे तिच्यासाठी घेतली जाऊ लागली. आपल्या लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्यांस त्या परीक्षेचे महत्त्व समजावून सांगावयास नको. 2003 मध्ये आय.बी.एम.ने अशी सोय केली, की यंत्र हातून सुटले हे त्यालाच कळावे आणि जमिनीवर आपटण्याआधी सुईने चकतीवरून बाजूस व्हावे. उपाय चतुर होता, पण तो रोगावर पांघरूण घालण्यासारखा. खरा उपाय आला तो चकती गेल्यावर. आता बहुतेक चांगल्या लॅपटॉपांत माहिती अर्धवाहकाच्या चिपांवर राहते. फिरणारे असे काही उरले असेल तर ते पंख्याचे पाते. वजन आणि मजबुती यांचे जुने भांडण त्याने निम्मे मिटविले. एक किलोच्या आसपासचे यंत्र आज जे धक्के सोसते, ते माझ्या अडीच किलोंच्या धोंड्याने सोसले नसते.

निम्मे म्हणतो, ते जाणूनबुजून. वेधशाळेच्या आवारातील एका झाडाखाली बसून मी माझा हल्लीचा लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर मला माझेच तोंड दिसले. साध्या पडद्याचा उजेड घरात पुरतो, माळव्यातील उन्हात पुरत नाही. उघड्यावर काम करणाऱ्याने त्याच्या तिप्पट उजेडाचा पडदा घ्यावा लागतो, आणि तो बॅटरी पितो. उष्म्याचेही तसेच. पुष्कळ यंत्रांची मर्यादा पस्तीस अंश अशी छापलेली असते. आमच्याकडे वैशाखात ती सावलीतच ओलांडली जाते. पंखा असला की तो धूळ आत ओढतो, नसला की यंत्र तापून मंद चालते. येथे फुकट काही मिळत नाही.

मजबुतीच्या नावाखाली दुकानात जे सांगितले जाते, त्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते. 'सैनिकी कसोटीस उतरलेला' ही आता जाहिरातींतली नित्याची भाषा झाली आहे. ही कसोटी म्हणजे अमेरिकन सैन्याचे मिल-एसटीडी-810 हे मानक, मूळचे 1962 चे. त्यात पडण्याची एक परीक्षा आहे. चार फुटांवरून सव्वीस वेळा पाडायचे. सहा बाजूंवर, बारा कडांवर आणि आठ कोपऱ्यांवर. ऐकून छाती दडपते. परंतु हे सव्वीस आघात पाच नगांपर्यंत वाटून घेण्यास ते मानक मुभा देते, आणि खाली बहुधा काँक्रीटवर लाकडी फळी असते. शिवाय त्या मानकाचे प्रमाणपत्र देणारी कोणतीही सरकारी संस्था नाही; परीक्षा कोणत्या घ्यायच्या हे कारखानदार ठरवितो आणि उतरलो असेही तोच सांगतो. म्हणून नुसते नाव ऐकून भुलू नये. कोणत्या उंचीवरून पाडले, चालू स्थितीत की बंद, हे विचारावे. त्यापेक्षा 'आयपी' म्हणून दोन आकडे देतात ते अधिक स्पष्ट. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला सहा असेल तर धूळ आत जातच नाही. हलक्या यंत्रांवर हे आकडे सहसा नसतात. ज्यावर ते असतात ती यंत्रे तीन किलोंच्या घरात जातात. ती खाणीत किंवा विजेच्या मनोऱ्याखाली शोभतात. मालाचे नमुने आणि दरपत्रक दाखविण्यास हिंडणाऱ्या मुलाने ती वाहणे म्हणजे लग्नाला चिलखत घालून जाणे.

अशा रीतीने उत्तर जवळजवळ जुळत आले होते. परंतु जयसिंगाच्या कामातील एक गोष्ट मला त्या दुपारी टोचत राहिली. दिल्लीस इतके पक्के बांधल्यावर पुन्हा चार ठिकाणी तेच का बांधावे? त्याचेही कारण त्याने दिले आहे. एका ठिकाणचे वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधांशी पडताळून पाहता यावेत म्हणून. दगडाची एवढी खात्री असलेल्या माणसाने एकाच दगडावर भरवसा ठेवला नाही. मी मात्र अकरा तास एकाच चकतीवर ठेवले होते. उद्या चकतीच्या जागी चिपा आल्या म्हणून त्यात फरक पडला असता काय? चिपा जेव्हा जातात तेव्हा खरखर, टकटक अशी पूर्वसूचनासुद्धा न देता जातात, आणि त्यांतून काही परत काढणे अधिकच कठीण. भक्कम यंत्र घेतल्याने त्या दिवशीचे काम अडत नाही. आईचा आवाज त्याने राखला जाईल असे समजणे, ही माझी चूक यंत्राच्या वजनाहून मोठी होती. इतकी वर्षे मी दोष बांबूस आणि वादळास देत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धवटास गेलो. भैरवगडच्या बाजूस, क्षिप्रेच्या काठी हा वड आहे. पितृकार्यासाठी त्याचे माहात्म्य मोठे. थंडी होती. घाटावर मोजकीच माणसे होती. पुरोहितांनी लाल कापडाची गाठ सोडून वही काढली. लांबट, अरुंद, वरच्या बाजूस शिवलेली. पाने खालून वर उलटायची. "कौन गाँव, कौन कुल?" त्यांनी विचारले आणि मी सांगताच मराठीत आले. त्यांच्या घरात तीन पिढ्या आमचीच माणसे येत असल्याने त्यांची मराठी आमच्या इंदूरच्या मराठीहून फारशी निराळी नव्हती.

पणजोबांची नोंद निघाली, पण अक्षर त्यांचे नव्हते. "मूळ वही वाळवीनं खाल्ली, यजमान. आमच्या आजोबांनी सगळी उतरून काढली. मोडीची बाळबोध केली. सह्या गेल्या, नावं राहिली," पुरोहित म्हणाले. त्यांनी ते इतक्या सहज सांगितले, की जणू वही खराब व्हायचीच आणि घरातल्या कोणीतरी ती बसून उतरायचीच, यात सांगण्यासारखे काही नाही. पुढे आजोबा, मग वडील. वडिलांची नोंद 1980 च्या सिंहस्थातली, ती मूळचीच. निळी शाई किंचित फुटलेली. त्याखाली दोन ओळी निराळ्या अक्षरात होत्या. आईच्या. स्वतःचे नाव, माहेरचे नाव व गाव आणि पुढे, 'मुलांसह आले. पाणी फार थंड.'

मी बराच वेळ काही बोललो नाही. पुरोहितही बोलले नाहीत. वही त्यांनी माझ्या बाजूस थोडी वळवून ठेवली.

मग त्यांनी शाईचे पेन दिले आणि मी आईच्या निधनाची तिथी लिहिली. खाली माझी सही केली, पत्ता लिहिला. दक्षिणा देऊन झाल्यावर त्यांची अनुमती घेऊन मी पानांची छायाचित्रे काढली, आणि घाटाच्या पायरीवर एक गुडघा उभा करून बसलो. मांडीवर लॅपटॉप उघडून सगळ्या नोंदी, वाळवीने खाल्लेल्या वहीतल्या नावांसकट, टिपून काढल्या. बहिणीला पाठविल्या, पुण्याच्या चुलतभावाला पाठविल्या, भाच्याला पाठविल्या. तास गेला. बॅटरी निम्म्यावर आली.

भाच्याचे उत्तर रिक्षात बसल्यावर आले. 'मामा, आजीचं अक्षर माझ्यासारखंच आहे की हो! आईला दाखवलं. ती रडतेय. लॅपटॉपचं काय ठरलं?'

'हलकाच घे,' मी लिहिले. 'चार्जरसकट वजन करून घे. फिरती चकती नको, कळांवर चहा सांडला तर खाली वाहून जाईल असा बघ, आणि बिजागरी दहा वेळा उघडझाप करून पाहा. जे पैसे वाचतील त्यांतून दोन साठवणपेट्या घे. एक तुझ्याकडे ठेव, एक आईकडे. आणि ही पानं पहिल्यांदा त्यात घाल.'

'आजच्या आज?' त्याने विचारले.

रिक्षा तोवर स्टेशनापाशी आली होती. इंदूरची गाडी फलाटाला लागलेली दिसत होती. मी पिशवी खांद्यावर घेता घेता एका हाताने त्याला उत्तर दिले, 'आत्ता.'